फ्रिजचा सा

पहिल्या रात्री मी चुकीचा माइक निवडला.
चाळीस मिनिटं गायले, मधे खोकले, मांजराला ओरडले,
आणि त्या चौघांनी कानांत प्राण आणून
माझ्या लॅपटॉपची शांतता ऐकली.
शेवटी तुर्कूहून एन्डेलचा निरोप :
"छान चाललंय. तू कधी सुरू करणार?"

हापसालूच्या शाळेनं भंगारात काढलेला हा लॅपटॉप.
झाकणावर कुणीतरी कर्कटकानं कोरलंय :
मार्टिन गाढव आहे.
त्यावर लिनक्स चढवायला मला अख्खा हिवाळा लागला,
चष्म्याचे दोन नंबर बदलले.
आता काळ्या चौकटीत एक ओळ टाइप करायची,
एन्टर,
की स्वयंपाकघर निघालं समुद्रापार.

पासवर्ड चौघांनाच ठाऊक.
लेइदा, टोरांटोत, तिथे टळटळीत दुपार.
एन्डेल बंदरावर, रात्रपाळीच्या केबिनमध्ये.
ओलेव्ह ट्रक कडेला लावून, कुठल्या देशात ते रोज वेगळं.
आणि वाइके, पार्नूच्या वृद्धाश्रमात,
नऊनंतर तिथे चिडीचूप,
म्हणून उशीत तोंड खुपसून.

पूर्वी मंगळवारी आम्ही पाचजण
अग्निशमन केंद्राच्या माळ्यावर गायचो.
भोंगा झाला की एन्डेल ओळ अर्धी टाकून
जिन्याकडे धावायचा, शिरस्त्राण शोधत,
आणि उरलेलं कडवं आम्ही
खर्जाशिवाय
तसंच, एका पायाच्या खुर्चीसारखं, पुरं करायचो.

या यंत्रावर एकत्र गायचा प्रयत्न एकदाच केला.
माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायला अकरा सेकंद.
अकराचे सात केले, सातांचे चार.
चारला आवाज विरायला लागला, कोपरावरच्या स्वेटरसारखा.
आणि गाण्याचं मातेरं व्हायला
अर्धा सेकंदही पुरतो.

वाइकेनं लिहिलं :
तू तुझंच गा. आमच्या जागा मोकळ्या सोड.

तर मी माझंच गाते, मधली पट्टी.
ती एकटी ऐकली तर गाणं ओळखूही येत नाही;
जिन्यातल्या शेजारणीला वाटत असणार
ही बाई रोज काहीतरी आठवायचा प्रयत्न करते.
ओलेव्ह उचलतो तिथे मी थांबते.
लेइदा वर चढते तिथे नुसता श्वास घेते.
अकरा सेकंदांनी, आपापल्या खोलीत,
ते माझ्यावर आपला सूर ठेवतात.
प्रत्येकाला दोन आवाज ऐकू येतात, स्वतःचा आणि माझा.
मला एकच.
पाचही आवाजांचं ते गाणं
कुठल्याच कानात पुरतं नसतं,
तरी आम्ही त्यात चुका काढतो.

माझ्या वाट्याला पडद्यावरचा एक आकडा :
श्रोते ४.

एकदा घरघर नको म्हणून फ्रिजची पिन काढली.
दुसऱ्या ओळीला वाइकेचा निरोप, सगळा मोठ्या अक्षरांत :
फ्रिज लाव! मी सा त्यावरून घेते.
मागोमाग ओलेव्ह : मीपण.
एन्डेल : मला वाटलं मी एकटाच.
खणातला स्वरकाटा काढून ताडून पाहिलं.
फ्रिज चांगलाच उतरलेला.
म्हणजे वर्षभर आम्ही पाचही जण
सारखेच बेसूर होतो.
मी पिन लावली, काटा परत खणात टाकला.

गेल्या मंगळवारी मधेच आकडा ३ झाला.
नाव सांगत नाही तो, नुसता कमी होतो.
कुणाची जागा धरायची ते कळेना,
म्हणून सगळ्यांच्याच धरल्या,
गाणं लांबत गेलं, मांजर उठून गेलं.
शेवटच्या कडव्यात पुन्हा ४.
कोण ते कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

गाणं संपलं तरी मी स्ट्रीम लगेच तोडत नाही.
बोट कळीवर ठेवून अकरा आकडे मोजते.
तिकडे अजून चालू असतं.
मग आणखी थोडा वेळ
नुसता फ्रिज.